युनिक्स प्रणालीतील दुवाबद्ध गृहनिर्देशिका : व्यवस्थापन व अडचणी
(उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसरातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : युनिक्स, लिनक्स, गृहनिर्देशिका, सांकेतिक दुवा, एनएफएस, ऑटोमाउंट, बॅकअप

प्रस्तावना :

महाविद्यालयीन स्तरावर संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान या विषयांच्या अभ्यासक्रमांत लिनक्सचा समावेश होऊन आता बराच काळ लोटला आहे. आज्ञांची यादी विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुणही मिळवतात. परंतु ज्या सर्व्हरवर या आज्ञांचा सराव होतो, त्या सर्व्हरवर आपल्या फाइली नेमक्या कोठे ठेवलेल्या असतात, हा प्रश्न विद्यार्थ्यांना सहसा पडत नाही. प्रस्तुत लेखकालाही तो अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत पडला नव्हता. तो कसा पडला याचा वृत्तान्त पुढे येईलच.

आमच्या परिसरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील महाविद्यालयांत वांगणी, नेरळ, कर्जत येथूनही विद्यार्थी लोकलने येतात. मोबाईल सर्वांच्या हाती असला, तरी घरी स्वतःचा संगणक नसलेला विद्यार्थी आजही प्रत्येक वर्गात भेटतो. त्याचा सराव, त्याची जर्नले आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हे सारे प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरच असते. प्रयोगशाळेत संगणक मोजके आणि तुकड्या अनेक असल्यामुळे आज खिडकीजवळच्या संगणकावर बसलेला विद्यार्थी उद्या दाराजवळच्या संगणकावर बसतो. दोन्ही ठिकाणी त्याला त्याचे तेच 'घर' दिसावे, ही अपेक्षा रास्त आहे. ती पूर्ण करण्यासाठी जी व्यवस्था करावी लागते, तिचे स्वरूप, तिच्यातील अडचणी आणि उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाचकांच्या सोयीसाठी येथे सर्व आज्ञा व मार्ग देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष टंकताना ते अर्थातच रोमन लिपीत टंकावयाचे आहेत.

गृहनिर्देशिकेची संकल्पना :

केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून युनिक्स विकसित केली. अनेकांनी एकाच यंत्रावर एकाच वेळी काम करावयाचे, हे या प्रणालीचे मूळ गृहीत आहे. साहजिकच प्रत्येकाला स्वतःची अशी एक जागा देणे आवश्यक ठरले. सुरुवातीच्या युनिक्समध्ये वापरकर्त्यांच्या निर्देशिका '/यूएसआर' या मार्गाखाली असत. त्या नावाचा उगम 'यूजर' या शब्दातच आहे. मूळ डिस्क भरली तेव्हा प्रणालीच्या फाइलीही तेथे सरकल्या, आणि कालांतराने वापरकर्त्यांनाच तेथून बाहेर पडावे लागले. आज लिनक्सवर त्यांची वस्ती '/होम' येथे असते. जागा अपुरी पडली की काहीतरी दुसरीकडे हलवायचे आणि जुने नाव मात्र तसेच चालू ठेवायचे, ही सवय युनिक्सला जन्मापासूनची आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

कोणाचे घर कोठे आहे याची नोंद '/ईटीसी/पासडब्ल्यूडी' या फाइलीत असते. या फाइलीतील प्रत्येक ओळीत विसर्गचिन्हाने, म्हणजे कोलनने, विभागलेले सात रकाने असतात. त्यांतील सहावा रकाना गृहनिर्देशिकेचा मार्ग सांगतो. लॉगिन होताच प्रणाली हा रकाना वाचते, त्या निर्देशिकेत प्रवेश करते आणि 'होम' या पर्यावरण-चलात तो मार्ग ठेवते. नंतर विद्यार्थी जेव्हा जेव्हा '~' हे चिन्ह टंकतो, तेव्हा त्याचा अर्थ या चलावरून लावला जातो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की प्रणालीला केवळ मार्ग ठाऊक असतो. त्या मार्गाच्या शेवटी खरी निर्देशिका आहे, दुसऱ्या डिस्ककडे नेणारा दुवा आहे, की जाळ्यावरील भलत्याच यंत्रावरची जागा आहे, याच्याशी सहाव्या रकान्याला काही कर्तव्य नसते. या विषयातील सारी सोय आणि सारा घोटाळा यातूनच उद्भवतो.

सांकेतिक दुवा :

युनिक्समध्ये दुवे दोन प्रकारचे आहेत. पहिला, 'हार्ड लिंक', हे एकाच फाइलीचे दुसरे नाव होय. तो एकाच फाइलप्रणालीच्या हद्दीत चालतो, आणि निर्देशिकांसाठी सर्वसामान्यतः वापरता येत नाही. तशी मुभा दिली तर निर्देशिकांच्या वृक्षात वर्तुळे निर्माण होतील. दुसरा, 'सिंबॉलिक लिंक' अर्थात सांकेतिक दुवा, १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर प्रचारात आला. ही एक छोटी स्वतंत्र नोंद असते आणि तिच्यात केवळ दुसऱ्या ठिकाणाचा मार्ग लिहिलेला असतो. '/होम/एस२१' हा '/डिस्क२/होम/एस२१' कडे नेणारा दुवा असेल, तर 'एलएस -एल' या आज्ञेत त्याचा आकार १५ बाइट दिसतो, कारण रोमन लिपीत तो मार्ग १५ अक्षरांचा आहे. ओळीच्या आरंभी 'एल' हे अक्षर आणि अखेरीस बाण दिसतो. लिनक्सवर दुव्याच्या परवानग्या सर्वांना सर्व काही मोकळे असल्यासारख्या दिसतात; त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. तपासल्या जातात त्या लक्ष्याच्या आणि वाटेतील निर्देशिकांच्या परवानग्या.

उल्हासनगरच्या रहिवाशाला ही कल्पना फार समजावून सांगावी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीच्या बॅरेकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले, आणि १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कित्येक बॅरेकींच्या जागी पुढे इमारती उभ्या राहिल्या. तरी पत्त्यात कॅम्प क्रमांक आणि बॅरेक क्रमांक अजूनही लिहिला जातो. पाकिटावरील बॅरेक क्रमांक ही वास्तू नव्हे, वास्तूकडे जाण्याची ती खूण आहे. टपाल पोहोचते, कारण तो क्रमांक आणि आजची इमारत यांचा मेळ पोस्टमनला माहीत असतो. संगणकाजवळ असा पोस्टमन नाही. दुव्यात लिहिलेल्या मार्गावर काही नसेल, तर 'अशी फाइल वा निर्देशिका नाही' एवढे सांगून तो मोकळा होतो. अशा दुव्याला तुटका दुवा म्हणतात. दुव्याने दुव्याकडे, त्याने पुन्हा तिसऱ्याकडे बोट दाखविले तरी चालते. लिनक्स एका मार्गात अशी ४० वळणे सोसते आणि पुढे नकार देते.

एक घडलेला प्रसंग :

काही वर्षांपूर्वी या पट्ट्यातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेची जबाबदारी प्रस्तुत लेखकाकडे होती. सर्व्हरची मूळ डिस्क भरत आली, म्हणून दुसरी डिस्क बसविण्यात आली. द्वितीय व तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या निर्देशिका तिच्यावर हलवून '/होम' मध्ये त्यांच्या जागी दुवे ठेवले. कोणाही विद्यार्थ्याला काही वेगळे जाणवले नाही. त्याच नावाने लॉगिन, त्याच फाइली, तोच मार्ग. काम नीट झाल्याचे समाधान मिळाले.

रोज रात्री '/होम' ची 'टार' आज्ञेने एकत्र फाइल करून ती दुसऱ्या यंत्रावर ठेवण्याची व्यवस्था आधीपासूनच होती. ती चालूच राहिली. सकाळी नोंदवहीत 'यशस्वी' असा शेरा उमटत असे. त्या फाइलीचा आकार एका रात्रीत निम्म्याहून खाली आला होता. पण शेरा पाहणारे आम्ही आकार पाहत नव्हतो. 'टार' ही आज्ञा दुवा भेटला की दुवाच साठवते, दुव्यापलीकडची निर्देशिका साठवत नाही. हा तिचा दोष नसून तोच तिचा नियम आहे. अन्यथा एकच मजकूर अनेकदा साठविला गेला असता.

प्रात्यक्षिक परीक्षेस तीन आठवडे उरले असता दुसरी डिस्क निकामी झाली. बॅकअप आहेच, या विश्वासाने तो उघडला. त्यात तृतीय वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने एकेक दुवा अगदी व्यवस्थित जपलेला होता, आणि ते सर्व दुवे मृत डिस्ककडे बोट दाखवीत होते. काही विद्यार्थ्यांनी पेन ड्राइव्हवर प्रती नेल्या होत्या. वांगणीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीजवळ तिच्या प्रकल्पाचा एकमेव पुरावा म्हणून छापील जर्नल होते; त्यावरून तिने संपूर्ण आज्ञावली पुन्हा टंकून काढली. प्रयोगशाळा तिच्यासाठी सायंकाळी उशिरापर्यंत उघडी ठेवणे, एवढेच आमच्या हाती होते. तिने परीक्षा वेळेवर दिली. परंतु चूक तिची नव्हती, आणि तिच्या कष्टांनी ती झाकली गेली, ही बोच आजही आहे.

दुव्यासमोर आज्ञांचे वर्तन :

उपरोक्त प्रसंगानंतर कोणती आज्ञा दुवा ओलांडते आणि कोणती त्याच्याशी थांबते, याचा पद्धतशीर तपास केला. पुढील विवेचन लिनक्सवरील जीएनयू आज्ञांपुरते आहे.

'टार' ला दुव्यापलीकडे जाण्यास सांगावयाचे तर '-एच' हा पर्याय द्यावा लागतो. 'आरसिंक -ए' हीदेखील दुव्याला दुवा म्हणूनच नक्कल करते. मजकूर हवा असल्यास कॅपिटल 'एल' हा पर्याय आहे. 'सीपी -आर' चीही तीच रीत आहे. मात्र सरसकट दुवे ओलांडण्याचा पर्याय देणे हा प्रस्तुत लेखकाच्या मते वाईट उपाय होय. विद्यार्थ्याने स्वतःच्या निर्देशिकेत '/' कडे नेणारा एखादा दुवा गंमत म्हणून करून ठेवला असेल, तर बॅकअप संपूर्ण प्रणाली गिळू लागतो. (विद्यार्थी असे दुवे करतात. त्यांना शिकविलेले असते म्हणूनच करतात.) त्यापेक्षा खऱ्या जागेचा, म्हणजे '/डिस्क२/होम' चा, बॅकअपच्या यादीत स्वतंत्र उल्लेख करणे सुरक्षित आहे.

'डीयू' ही आज्ञा '/होम' चे आकारमान मोजताना दुव्यांमागील मजकूर मोजत नाही. त्यामुळे 'डीयू' प्रमाणे '/होम' जवळजवळ रिकामे आणि 'डीएफ' प्रमाणे दुसरी डिस्क भरलेली, असे विसंगत वाटणारे चित्र दिसते. दोन्ही उत्तरे बरोबर असतात. जागेची मर्यादा, म्हणजे 'कोटा', फाइलप्रणालीवर बसविलेला असतो. म्हणून विद्यार्थ्याला नव्या डिस्कवर हलविले की त्याचा कोटा तेथे पुन्हा ठरवून द्यावा लागतो, जुना त्याच्यासोबत जात नाही.

मालकी बदलणारी 'चाऊन' ही आज्ञा कॅपिटल 'आर' पर्यायासह दुव्याच्या नावावर चालविली, तर केवळ दुव्याची मालकी बदलते; आतील फाइली पूर्वीच्याच मालकाच्या राहतात. नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली, किंवा कॅपिटल 'एच' हा पर्याय जोडला, तर ती आत शिरते. या एका रेघेपायी आमच्या एका विद्यार्थ्याला दोन दिवस स्वतःच्याच फाइली उघडता आल्या नाहीत.

सर्वांत धोकादायक प्रकरण 'आरएम' चे आहे. 'आरएम' नंतर दुव्याचे नुसते नाव दिले, तर दुवा नाहीसा होतो आणि मजकूर सुरक्षित राहतो. परंतु सवयीने 'आरएम -आरएफ', दुव्याचे नाव, तिरकी रेघ आणि तारांकन असे टंकले, तर आज्ञा चालण्यापूर्वीच शेल त्या तारांकनाचा विस्तार करते. हा विस्तार दुव्यापलीकडे जाऊन होतो, आणि खऱ्या निर्देशिकेतील दृश्य फाइली पुसल्या जातात. नको असलेला दुवा काढण्यासाठी 'अनलिंक' ही आज्ञा वापरण्याचा दंडक आम्ही घालून घेतला आहे, कारण ती एका वेळी एकच नोंद काढते आणि निर्देशिका काढण्यास नकार देते.

'पीडब्ल्यूडी' चा प्रश्न निरुपद्रवी असला तरी वर्गात हमखास निघतो. विद्यार्थी आपल्या घरात उभा असतो. बॅश शेल त्याला '/होम/एस२१' असे सांगते, कारण ती आलेली वाट लक्षात ठेवते. हीच आज्ञा कॅपिटल 'पी' पर्यायासह दिली की '/डिस्क२/होम/एस२१' हे उत्तर येते. तेथून 'सीडी ..' केल्यास बॅश त्याला '/होम' मध्ये आणते, पण 'एलएस..' केल्यास यादी '/डिस्क२/होम' ची येते, कारण 'एलएस' ला शेलची आठवण ठाऊक नसते. विद्यार्थ्यांना हे दाखवून द्यावे. मार्ग आणि स्थान यांतील भेद याहून सोप्या रीतीने समजत नाही.

जाळ्यावरील घर :

एका यंत्रावर दोन डिस्का असतानाची ही कथा झाली. प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकावर विद्यार्थ्याला तेच घर दिसावे यासाठी मात्र सर्व्हरवरील निर्देशिका जाळ्यावरून इतर यंत्रांना जोडाव्या लागतात. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये विकसित केलेली नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, ही त्यासाठीची सर्वाधिक रुळलेली व्यवस्था होय. तिची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये आणि तिसरी १९९५ मध्ये आरएफसी दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

येथे दुव्यांचा एक नवाच गुण प्रकट होतो. सर्व्हरने '/होम' जाळ्यावर खुले केले आणि त्यात दुवे असले, तर ते दुवे सर्व्हर उलगडत नाही. ते ग्राहक यंत्र उलगडते. म्हणजे दाराजवळचा संगणक '/होम/एस२१' वाचतो, त्यात '/डिस्क२/होम/एस२१' असे लिहिलेले त्याला आढळते, आणि तो स्वतःच्याच पोटात '/डिस्क२' शोधू लागतो. तेथे ती नसते. सापेक्ष मार्गाचा दुवा केल्यानेही हा प्रश्न सुटत नाही, कारण ग्राहकाकडे केवळ '/होम' जोडलेले असते आणि त्याच्या शेजारी काहीच नसते. उपाय दोन आहेत. '/डिस्क२' देखील जाळ्यावर खुली करून ती प्रत्येक यंत्रावर नेमक्या त्याच नावाने जोडावी. किंवा दुव्यांचा नाद सोडून ऑटोमाउंटचा आश्रय घ्यावा.

ऑटोमाउंटची कल्पना सुबक आहे. प्रत्येक यंत्रावर एक नकाशा-फाइल असते. तिच्यात कोणत्या नावाचे घर कोणत्या सर्व्हरवर कोठे आहे, हे लिहिलेले असते. '/होम/एस२१' ची कोणी विचारणा केली की त्या क्षणी ती निर्देशिका जोडली जाते आणि काही काळ वापर झाला नाही की सोडली जाते. सर्वांची घरे एकाच ठिकाणी असतील, तर डावीकडे तारांकन आणि उजवीकडे मार्गाच्या शेवटी '&' हे चिन्ह, एवढी एकच ओळ साऱ्या विद्यार्थ्यांना पुरते; विचारलेले नाव त्या चिन्हाच्या जागी बसते. एखाद्याचे घर दुसऱ्या डिस्कवर गेले, की त्याच्यापुरती एक वेगळी ओळ लिहावयाची. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मार्ग कायम '/होम/एस२१' असाच राहतो. प्रस्तुत लेखकाच्या मते एकाहून अधिक यंत्रे असलेल्या प्रयोगशाळेत हाच मार्ग स्वीकारावा. सांकेतिक दुवा हा संक्रमणकाळापुरता ठीक आहे.

नावे व क्रमांक :

एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत, नेहमीच्या मांडणीत, फाइलीची मालकी नावाने ठरत नाही, तर क्रमांकाने ठरते. खिडकीजवळच्या संगणकावर १००५ हा क्रमांक एका विद्यार्थ्याला आणि दाराजवळच्या संगणकावर तोच क्रमांक दुसऱ्याला मिळाला असेल, तर दुसरा विद्यार्थी पहिल्याच्या फाइलींचा मालक म्हणून वावरू शकतो. प्रत्येक यंत्रावर हाताने, हजेरीपटाच्या निरनिराळ्या प्रतींवरून, खाती उघडली की हे घडतेच. आमच्याकडे जर्नलची नक्कल केल्याचा एक आरोप शिक्षकांपर्यंत आला होता. चौकशीअंती दोन्ही मुले निर्दोष निघाली. दोघांचा क्रमांक एक होता.

रेड हॅट घराण्यातील जुन्या आवृत्त्यांत सामान्य वापरकर्त्यांचे क्रमांक ५०० पासून सुरू होत. २०१४ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून ते १००० पासून सुरू होतात. जुनी व नवी यंत्रे एकत्र नांदत असतील, तर हा फरक मुद्दाम तपासून पाहावा. खात्यांची नोंद एलडॅपसारख्या एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवणे हा त्यावरील कायमचा उपाय आहे. ते शक्य नसेल, तर किमान प्रवेश क्रमांकावरून खात्याचा क्रमांक ठरविण्याचे एकच सूत्र सर्व यंत्रांवर वापरावे.

याच संदर्भात 'रूट स्क्वॅश' या संरक्षणाचाही उल्लेख करावयास हवा. ग्राहक यंत्रावरील 'रूट' हा सर्व्हरच्या लेखी 'नोबडी' ठरतो. यामुळे प्रयोगशाळेतील एखाद्या यंत्राचा 'रूट' परवलीचा शब्द फुटला, तरी तो 'रूट' म्हणून साऱ्यांच्या घरांत थेट शिरता येत नाही. ही सोय कटकटीची वाटून बंद करणारे प्रशासक भेटतात. त्यांनी तसे करू नये.

वीज, पाणी आणि रिकामी निर्देशिका :

वीजपुरवठा खंडित होणे ही आमच्याकडे अपूर्वाईची गोष्ट नाही. सर्व्हरला यूपीएस असतो, पण यंत्रांना जोडणाऱ्या स्विचला पुष्कळदा नसतो. स्विच बंद पडला की सर्व्हर जिवंत असूनही ग्राहक यंत्रे जागच्या जागी गोठतात. एनएफएस 'हार्ड' पद्धतीने जोडलेले असेल, तर प्रोग्रॅम सर्व्हर परत येईपर्यंत थांबून राहतात. 'सॉफ्ट' असेल तर ठरावीक काळाने त्रुटी देऊन पुढे जातात. गोठलेला पडदा पाहून 'सॉफ्ट' चा मोह होतो. परंतु लिहिणे अर्धवट राहिलेली फाइल 'सॉफ्ट' मध्ये बिघडू शकते. घरांसाठी 'हार्ड' च ठेवावे आणि स्विचला यूपीएस द्यावा.

वीज आल्यानंतरचा धोका अधिक सूक्ष्म आहे. समजा, दुसरी डिस्क थेट '/होम' वर जोडलेली आहे आणि काही कारणाने यंत्र सुरू होताना ती जोडली गेली नाही. '/होम' ही रिकामी निर्देशिका मात्र मूळ डिस्कवर असतेच. घर नसल्यास आपोआप नवे घर निर्माण करण्याची सोय चालू ठेवलेली असेल, तर त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला कोरे घर मिळते. तो चक्रावतो, पण काम करतो. संध्याकाळी कोणीतरी डिस्क जोडते. जुन्या फाइली परततात आणि त्या दिवसाचे काम दिसेनासे होते. ते पुसले गेलेले नसते, तर जोडलेल्या डिस्कच्या खाली झाकले गेलेले असते. या बाबतीत सांकेतिक दुवा अधिक प्रामाणिक ठरतो. '/डिस्क२' जोडली गेली नाही तर तो तुटतो; मजकुराच्या पडद्यावर लॉगिन करणाऱ्याला 'घर सापडले नाही' असा इशारा मिळून '/' येथे उभे केले जाते, तर चित्रमय लॉगिन बहुधा त्याला पुन्हा नाव विचारते. विद्यार्थ्याला वाटते की परवलीचा शब्द चुकला. त्याचा अर्धा तास जातो, पण काम हरवत नाही. थेट जोडणी करणाऱ्यांनी डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या निर्देशिकेवर 'चॅटर +आय' चालवून ठेवावे, म्हणजे तिच्यात काहीच लिहिता येत नाही.

पाण्याविषयी एवढेच, की २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचा पूर पाहिलेल्या परिसरात सर्व्हर तळमजल्यावर असू नये आणि बॅकअपचे यंत्र त्याच्या शेजारी असू नये. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हा या सूचनेची पुन्हा आठवण झाली.

इतर पर्याय :

एकाच यंत्रावर दुव्याऐवजी 'बाइंड माउंट' वापरता येतो. लिनक्सच्या २.४ आवृत्तीपासून ही सोय आहे. यात '/डिस्क२/होम/एस२१' ही निर्देशिका '/होम/एस२१' येथेही जोडली जाते. 'टार', 'डीयू', 'चाऊन' यांना ती खरी निर्देशिकाच वाटते, त्यामुळे वरील बहुतेक घोटाळे टळतात. मात्र 'आरएम' देखील तिला खरीच समजते, हे विसरू नये. एनएफएसवरून ती पुढे द्यावयाची असल्यास सर्व्हरच्या खुल्या निर्देशिकांच्या यादीत 'क्रॉसमाउंट' हा पर्यायही लागतो.

सुरक्षा-व्यवस्थांचाही विचार आवश्यक आहे. उबुंटूतील अ‍ॅपआर्मर दुवा उलगडल्यानंतरचा खरा मार्ग तपासते. त्यामुळे '/होम' बाहेरच्या घरांची नोंद तिच्याकडे करावी लागते, अन्यथा काही प्रोग्रॅम विनाकारण अडतात. फेडोराकडील एसईलिनक्समध्ये नव्या जागेला '/होम' सारखीच खूणचिठ्ठी द्यावी लागते. फेडोरा सिल्व्हरब्लू या आवृत्तीत तर '/होम' हाच '/व्हार/होम' कडे नेणारा दुवा आहे. म्हणजे दुवाबद्ध घर हा केवळ अडचणीतल्या प्रशासकाचा तोडगा राहिलेला नाही.

स्थलांतराची रीत :

विद्यार्थ्याचे घर हलविताना आम्ही आता पुढील क्रम पाळतो. प्रथम तो लॉगिन नाही आणि त्याचा कोणताही प्रोग्रॅम मागे चालू नाही, याची खात्री करतो. मग 'आरसिंक' ने परवानग्या, हार्ड लिंक व विस्तारित गुणधर्मांसह नक्कल होते. खाते काही काळ कुलूपबंद करून तीच आज्ञा दुसऱ्यांदा चालवितो, म्हणजे मधल्या काळात बदललेले काही राहून जात नाही. जुनी निर्देशिका पुसत नाही; तिचे नाव बदलून ठेवतो. नंतर दुवा करावयाचा, किंवा ऑटोमाउंटच्या नकाशात ओळ लिहावयाची. 'रीडलिंक -एफ' ने शेवटचे खरे ठिकाण आणि 'नेमआय -एल' ने वाटेतील प्रत्येक निर्देशिकेची परवानगी पाहतो. बहुतेक तक्रारी वाटेतल्याच एखाद्या निर्देशिकेवर प्रवेशाची परवानगी नसल्यामुळे येतात.

'यूजरमॉड' ने सहावा रकाना बदलून थेट नवा मार्ग का देऊ नये, असे कोणी विचारील. देता येतो. परंतु विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत जुना मार्ग जागोजागी कोरलेला असतो. पायथॉनचे आभासी पर्यावरण त्याचे ठळक उदाहरण होय, कारण त्याच्या फाइलींत संपूर्ण मार्ग लिहिलेला असतो. परीक्षेच्या तोंडावर हे बिघडविण्यापेक्षा '/होम/एस२१' हा मार्ग टिकविणे बरे.

बॅकअपची यादी त्याच दिवशी, प्रयोगशाळेतून निघण्यापूर्वी बदलतो. रोजच्या नोंदीत 'यशस्वी' या शेऱ्यासोबत फाइलीचा आकार आणि आदल्या दिवसाचा आकार शेजारी शेजारी छापला जातो. नाव बदललेली जुनी निर्देशिका एक महिन्यानंतरच काढली जाते. शिवाय महिन्यातून एकदा कोणत्याही एका विद्यार्थ्याचे घर बॅकअपमधून रिकाम्या यंत्रावर पुन्हा उभे करून पाहतो आणि 'फाइंड' आज्ञेला '-एक्सटाइप एल' हा पर्याय देऊन त्यातील तुटके दुवे शोधतो. गेल्या सत्रातील अशा एका तपासणीत तीन तुटके दुवे निघाले. दोन विद्यार्थ्याने सरावासाठी केलेले होते. तिसरा मी केलेला होता.